लोकन्यायाधिकरण भरवण्याआधी

प्रिय मित्रा,

लोकन्यायाधिकरण, म्हणजे युद्धगुन्हे तपासायला सरकारने नव्हे तर नागरिकांनी भरवलेलं न्यायासन, कुणाला अटक करू शकत नाही. त्याच्या निकालाला वजन येतं ते पुराव्यामुळे आणि निःपक्षपातीपणामुळे. म्हणून आरोपपत्र आटोपशीर ठेव. ‘युद्ध अन्यायाचं होतं’ हा आरोप होत नाही. घटना, तारीख, ठिकाण आणि १९९८च्या रोम संविधीतलं (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या करारातून उभं राहिलं, त्यातलं) नेमकं कलम, असं एकेक लिही.

बहुतेक प्रयत्न गुन्ह्यापासून नेत्यापर्यंतचा दुवा जोडताना अडतात. उद्ध्वस्त इस्पितळाचा फोटो हानी दाखवतो, हुकूम कुणाचा ते नाही. संविधीच्या कलम २८ नुसार नागरी (लष्करी नसलेल्या) नेत्याबद्दल मुख्यतः तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: गुन्हा करणारे त्याच्या प्रत्यक्ष ताब्यात होते, त्याला कळलं होतं किंवा स्पष्ट इशारा देणाऱ्या माहितीकडे त्याने जाणूनबुजून काणाडोळा केला, आणि हातात असूनही गुन्हा रोखला नाही, चौकशीही लावली नाही. तेव्हा जबाबांइतकाच वेळ आदेश, अधिकारांची उतरंड आणि नेत्याला पोचलेल्या तक्रारींच्या तारखा शोधण्यात घाल.

व्हिडिओ मेसेजिंग ॲपवरून मागवू नकोस. त्यात वेळ आणि ठिकाणाची मूळ नोंद गळून पडू शकते. ज्या फोनमध्ये चित्रीकरण झालं, त्यातूनच फाइल उतरवून घे, लगेच तिचा हॅश (फाइल जराही बदलली तर बदलणारा डिजिटल ठसा) काढ, आणि कुणी दिली, कुणी घेतली, किती वाजता, हे वहीत सहीनिशी टिप. कापाकापी फक्त प्रतीवर. एकाच साक्षीदाराचा जबाब तीन कार्यकर्त्यांनी घेतला, तर तीन तपशील वेगळे येतात आणि खऱ्या कोर्टात उलटतपासणी तिथेच सुरू होते. शिवाय त्या माणसाला तेच दुःख तीनदा उगाळावं लागतं. हे टाळच.

दुसरी बाजू मांडायला कुणीतरी हवंच. १९६७मध्ये स्टॉकहोम आणि रॉस्किल्ड इथे भरलेल्या, तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी उभारलेल्या रसेल न्यायाधिकरणाने व्हिएतनाममधली अमेरिकेची कृत्यं तपासली, पण एकाच बाजूची, हा आक्षेप त्याला कायमचा चिकटला. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने स्त्रियांवर लादलेली लैंगिक गुलामगिरी तपासणाऱ्या, २०००च्या टोकियोतल्या महिला न्यायाधिकरणाने जपान सरकारला बोलावलं. ते आलं नाही, तेव्हा न्यायमित्र (पक्षकार नसून न्यायासनाला मदत करणाऱ्या) वकिलांनी सरकारची भूमिका मांडली. सम्राट हिरोहितोंना दोषी धरणारा तो निकाल आजही गांभीर्याने वाचला जातो. तुम्हीही नोटीस पाठवा, उत्तराला पुरेसा वेळ द्या आणि पोच जपून ठेवा.

पुढे रोम संविधीच्या कलम १५ खाली हीच माहिती आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्यांकडे पाठवता येते. त्यासाठी जबाबाच्या वेळीच तीन वेगळ्या संमती घे: नोंद ठेवायला, प्रसिद्ध करायला, न्यायालयाला द्यायला. साक्षीदाराने एकीला नकार दिला, तरी बाकीच्या दोन उपयोगी पडतात.