शंभर टक्के खात्री नसेल, तर विश्वास ठेवायचा कशावर?

कशाचीच पूर्ण खात्री देता येत नसेल, तर विश्वास ठेवणं हा आंधळेपणाच नाही का, असं तुम्ही विचारलंय. मी सांगलीच्या गावभागात वाढलो, त्यामुळं उत्तर कृष्णेपासूनच सुरू करतो.

2005 च्या महापुरात पाणी आमच्या खिडकीच्या खालच्या कडेला येऊन थांबलं. पूर ओसरल्यावर आप्पांनी तिथं ऑइलपेंटनं रेघ मारली. आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45. पण आमच्या घरात मान त्या रेघेला. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा आप्पा म्हणाले, "रेघेच्या वर येत नाही." सगळं सामान रेघेच्या वर दोन वीत उचलून ठेवलं. पाणी 57 फुटांवर गेलं. आम्ही बोटीतून निघालो, आईचं शिलाई मशीन आतच राहिलं.

आप्पांनी अनुभवावर विश्वास ठेवला, यात चूक नव्हती. एका पुराचा त्यांनी नियम केला, तिथं चुकलं. प्रत्यक्ष दिसेल तेवढंच खरं मानणाऱ्या प्राचीन चार्वाकांचा आक्षेप हाच होता: धूर तिथं विस्तव, हे आपण चार ठिकाणी पाहिलेलं असतं, सगळ्या काळातलं, सगळ्या ठिकाणचं कुणी पाहिलंय? अठराव्या शतकात स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनंही हीच अडचण मांडली. ती मला आजही बिनतोड वाटते.

तरी माझं मन उदयनाचार्यांकडं झुकतं. दहाव्या शतकातल्या या नैयायिकाचे, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडिताचे, शब्द आहेत 'व्याघातावधिराशङ्का'. शंका आपल्याच वागण्याशी भांडायला लागली की तिची हद्द संपली. पुढं गंगेश उपाध्यायांनी ते उलगडलं: धूर हवा म्हणून जो विस्तव पेटवतो, भूक भागावी म्हणून जेवतो, त्याला कार्यकारणाचा खरा संशय नसतोच, तो नुसता तोंडानं बोलत असतो.

खरा संशय माणसाला कामाला लावतो. 2019 लाच आमच्या शेजारच्या काकू "काय सांगावं बाई" म्हणत ज्वारीची पोती माळ्यावर चढवून मिरजेला भावाकडं गेल्या. पाणी येणारच, अशी खात्री त्यांनाही नव्हती. तुम्ही ज्याला आंधळेपणा म्हणता तो मला त्यांच्यात दिसत नाही. खात्री नसतानाही त्यांचे डोळे उघडे होते.

2021 च्या जुलैत पाणी 40 फुटांकडं निघालंय म्हटल्यावर आप्पांनी स्वतःच टेम्पो बोलावला. 2019 च्या पातळीला नवी रेघ मारू का, असं मी नंतर विचारलं. नको म्हणाले.