‘बघू की’ म्हणजे नाही

विश्रामबाग, सांगली

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा राग आला. मुंबई-गोवा क्रूझवर दोन रात्री राहून आलात, दोघंही खूश, आणि आता दोन मैत्रिणींना नवऱ्यांसकट सिंगापूरच्या जहाजावर न्यायचं डोक्यात आहे. एक जोडी एका पायावर तयार. साताऱ्याची जोडी मात्र दीड महिना झाला ‘बघू की’ म्हणतेय. आणि तू मला विचारतेस, ‘मावशी, त्यांना कसं पटवू?’

पटवू नकोस. ‘बघू की’ म्हणजे नाही.

चार वर्षं पुण्यात काय राहिलीस, आपली भाषा विसरलीस? आपल्याकडे जवळच्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणणं म्हणजे त्याच्या ताटातून उठून जाण्यासारखं. म्हणून आपण ‘की’ लावतो. ‘जाऊ की’ म्हणून लगेच तारीख विचारली, तर तो होकार. ‘बघू की’ म्हणून गाडी उसाच्या बिलावर गेली, तर तो नकार. हे शेंबड्या पोरालाही कळतं. आपल्याला स्वतःला जे फार हवं असतं, तिथे मात्र कळेनासं होतं. मला कळलं नव्हतं, म्हणून एवढं लिहितेय.

मी क्रूझच्या विरोधात आहे असं समजू नकोस. माझ्या ओळखीत हे वेड मीच आणलं. २०१३ साली आम्ही दोघं सिंगापूरहून पहिल्यांदा जहाजावर चढलो, तेव्हा घरात सुतक पडल्यासारखे चेहरे होते. आदल्याच वर्षी जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडून ३२ माणसं गेली होती, आणि ती आडवी पडलेली पांढरी बोट टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली होती. ‘कृष्णेत गळ्याएवढ्या पाण्यात उतरत नाहीस आणि समुद्रात निघालीस,’ असं मोठ्या जाऊबाईंनी ऐकवलं. तरी मी गेले.

तीस वर्षं बँकेत काउंटरमागे आणि घरी गॅसपुढे उभी राहिलेली बाई मी. त्या चार रात्रींत ‘आज भाजी कसली’ हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. बॅग एकदा उघडायची, एकदा भरायची. आपण झोपतो आणि गाव बदललेलं असतं. बसमध्ये पुढची सीट कुणाला, हॉटेलात कुणाची खोली बरी, यांचे गुडघे, माझी पाठ, यातलं काही नाही. संध्याकाळी डेकवर कठड्याला रेलून आम्ही दोन-दोन तास बोललो. काय बोललो ते आठवत नाही. पण लग्नानंतर इतकं सलग बोललेलं तेव्हाच. जोडप्यांनी जायची जागा म्हणून मला अजून तरी याच्यापेक्षा बरं काही सापडलेलं नाही आणि हे मत मी बदलणार नाही.

मग मी प्रचारकच झाले. भिशीला फोटो, हळदीकुंकवाला फोटो. आतली बिनखिडकीची केबिन, खिडकीची, बाल्कनीची, कुठली कुणी घ्यावी हे मी वाण देता देता समजावत असे. चार-पाच जोड्या मी अशा जहाजावर चढवल्या. त्यातल्या एका जोडीची गोष्ट सांगते.

२०१९ च्या जूनमध्ये मी माझ्या शाळेतल्या मैत्रिणीला गाठलं. ती लगेच ‘जाऊ की’ म्हणाली. तिचे यजमान, आमचे भाऊजी, म्हणाले, ‘बघू की.’ मी म्हटलं, ‘बघायचं काय त्यात, आगाऊ रक्कम भरा.’ त्यांनी भरली. ऑगस्टमध्ये महापूर आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. भाऊजींचं पेठेत कापडाचं दुकान. खालच्या रॅकवरचा माल चिखलात गेला. तू तेव्हा कॉलेजात होतीस, तुमच्या गल्लीतले गाद्यांचे ढीग तुला आठवत असतील. पण दिवाळीपर्यंत दुकानाला नवा रंग लागला, काचेत साड्या लागल्या. मला वाटलं, सावरले.

फराळाला आले होते. हातात चकली धरून भाऊजी म्हणाले, ‘या वर्षी आमचं जरा राहू दे का?’

मुली, या भागातल्या पुरुषाने चारचौघांत केलेला हा केवढा मोठा नकार होता, ते मला आज कळतं. मी तेव्हा काय म्हणाले असेन? ‘भाऊजी, तारीख जवळ आली, आता रद्द केलं तर भरलेले बुडतील. आणि आम्ही दोघंच जाऊन काय करू?’ पहिलं वाक्य हिशोबाने बरोबर होतं, जहाज सुटायची तारीख जवळ येईल तसा परतावा कमी होतो. दुसऱ्या वाक्याने मी त्यांना बांधून टाकलं.

जानेवारी २०२० मध्ये आम्ही चौघं गेलो. मलेशियातल्या पेनांगला जहाज थेट जॉर्जटाउनच्या धक्क्याला लागतं, बाहेर पडलं की पायी जुनं शहर, लिटल इंडिया, तमिळ दुकानं, दोशाचा वास. टॅक्सीसुद्धा लागत नाही. भाऊजी उतरले नाहीत. पाय दुखतोय म्हणाले. जहाजावर भाड्यात धरलेलं सोडून त्यांनी कशालाही हात लावला नाही. कॉफीसुद्धा फुकटच्या मशीनची. रात्री जेवणाच्या टेबलावर मी म्हटलं, ‘भाऊजी बोटीचं भाडं वसूल करतायत, बुफे सोडवत नाहीये त्यांना.’ सगळे हसले. तेही हसले.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं. विश्रामबागेत तसं येत नाही, म्हणून ते दोघं आमच्याकडे राहायला आले. येताना कागदांची पिशवी भिजली होती. मी कागद सुटे करून पंख्याखाली पसरत होते, त्यात पतसंस्थेच्या कर्जाचा कागद हाताला लागला. दीड लाख. तारीख डिसेंबर २०१९. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘घरगुती अडचण’.

ती घरगुती अडचण म्हणजे मी.

कागद वाळवला, बाकीच्यांबरोबर घडी घालून पिशवीत ठेवला. आजवर कुणाला बोलले नाही. यांनाही नाही.

तू म्हणशील, मावशी, तुला काय माहीत होतं? तेच मीही स्वतःला सांगत असते. कर्ज काढा असं मी म्हटलं नव्हतं. दीड लाखातला सगळा पैसा त्या सहलीलाच लागला असेल असंही नाही, दुकानालाही लागला असेल. मैत्रिणीने तरी मला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. तिला तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे, विचारायचं धाडस मला झालेलं नाही. शिवाय आम्ही परतलो आणि पुढच्याच महिन्यात जपानमध्ये योकोहामाला डायमंड प्रिन्सेस अडकली, सातशेच्या वर लोकांना कोरोना झाला, आणि बघता बघता जगभरची जहाजं उभी राहिली. तेव्हा गेलो नसतो तर पुढे कधी जमलं असतं? मैत्रिणीच्या फ्रिजवर अजून आमचा चौघांचा डेकवरचा फोटो आहे. यातलं काही खोटं नाही. पण एक माणूस दोनदा ‘नाही’ म्हणाला आणि दोन्ही वेळा मी ते ऐकलं नाही, हेही तेवढंच खरं.

तेव्हा साताऱ्याच्या जोडीला तू आता फक्त एकदाच विचारायचं आहेस. तेही नवऱ्यामार्फत बायकोला किंवा बायकोमार्फत नवऱ्याला नव्हे. दोघांना वेगवेगळं, दोन फोन करून. जोडपं म्हणजे एक मत नसतं गं. एकाला पैशांची काळजी असते, दुसऱ्याला सासूबाईंना कुणाकडे ठेवायचं ही, तिसऱ्याला नुसतीच पाण्याची भीती, आणि ते जोडीदारासमोर बोलता येत नाही.

फोन करण्याआधी सगळा खर्च एका कागदावर काढ. जाहिरातीतला आकडा कुणाला सांगू नकोस. तो माणशी असतो, एका केबिनमध्ये दोघं धरून. त्यावर बंदराचे कर आणि शुल्क, त्यावर रोजची माणशी टिप, जी बहुतेक जहाजांवर आपोआप खात्याला लागते. पुढे विमानभाडं, व्हिसा, विमा, आदल्या रात्रीचं हॉटेल, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतात. तो विवरणपत्र भरताना जमेला धरता येतो, पण आज खिशातून जातोच. सगळ्याची बेरीज करून ‘दोघांचे मिळून इतके’ असा एकच आकडा सांग. आकडा ऐकल्यावर माणूस गप्प झाला, तर तेच उत्तर. ‘हप्त्याने भरता येतात,’ असं त्यावर चुकूनही म्हणू नकोस.

आणि पुढचं वाक्य पाठ करून ठेव: ‘पंधरा तारखेपर्यंत कळव, नाही कळवलंस तर आम्ही धरत नाही, आणि रविवारी कास पठारावर जायचं ठरलंय ते ठरलंय.’ न कळवणं हाच नकार, आणि नकारानंतरही कास आहेच. त्यांना तोंडाने ‘नाही’ म्हणायला लागता कामा नये. सोळा तारखेला पुन्हा फोन केलास तर माझ्याकडे येऊ नकोस.

भीती पाण्याची असेल, तर सिंगापूरची भाषाच करू नका. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, जाते, २०२० पासून चालू आहे, तासाभराचा प्रवास. एक दिवस चौघांनी त्यातून जाऊन या, अलिबागला मासे खा, परत या. तेवढं निभलं आणि त्यांनीच विषय काढला, तर मुंबई-गोवा. त्याला पासपोर्ट-व्हिसा काही नाही, आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघालात की सकाळी सीएसएमटीला; तिथून जहाजाचा धक्का, बॅलार्ड पिअर, जवळच. फक्त पावसाळ्यात नको. केबिन मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची घ्या, तिथे हलणं कमी लागतं. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून, आणि पर्समध्ये आलेवडी असू दे.

उत्साही जोडीबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, कारण तिथे तुला अडचण दिसत नाही. मला दिसते. ते बाल्कनीची केबिन घेणार, तुम्ही आतली. घ्या की ज्याची त्याने, पण रोज संध्याकाळी चहाला त्यांच्याच बाल्कनीत जाऊन बसू नका. बऱ्याच जहाजांवर दारूचं पॅकेज एकाने घेतलं तर त्याच केबिनमधल्या दुसऱ्या मोठ्या माणसालाही घ्यावं लागतं. त्यांची ती घेत नाही, तो घेतो. हे भांडण मुंबईतच मिटू दे, तुमच्या टेबलावर यायला नको. ज्याच्या त्याच्या कार्डावर ज्याचा त्याचा खर्च. ‘या वेळी माझ्याकडून’ हे एकदा सुरू झालं की शेवटच्या रात्रीपर्यंत कुणाचे किती याचा घोळ मिटत नाही. दिवसभर चौघांनी चिकटून फिरू नका, रात्रीचं जेवण तेवढं एकत्र ठेवा. तिथेही कुणी आलं नाही तर ‘का नाही आलात’ विचारायचं नाही. तोही नकारच असतो, छोटासा.

सुटण्याआधीची आपत्कालीन कवायत मात्र कुणाला चुकवू देऊ नकोस. कॉन्कॉर्डिया बुडाली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो लोकांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला, आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ती करावीच लागते. पुरुष मंडळी तेवढ्यात वरच्या डेकवर फोटो काढायला पळतात. त्यांना कॉलर धरून खाली आण. इथे ‘बघू की’ चालत नाही. आणि सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परत येणार असाल तर व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा, जहाजावरून परत उतरणं ही नवी एंट्री धरतात. एजंटला विचारून घे, त्याच्या भरवशावर राहू नकोस.

परवा भाऊजी भेटले होते, गणपती मंदिराबाहेर. दुकान बरं चाललंय. म्हणाले, ‘वहिनी, परत कधी नेताय बोटीवर?’ मनापासून म्हणाले की माझं मन राखायला, मला ओळखता आलं नाही. एवढं सगळं तुला शिकवतेय आणि मला ओळखता आलं नाही बघ. मी म्हटलं, ‘बघू की.’ ते हसले. मग पावसाचं बोलत आम्ही चौकापर्यंत आलो.

इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री बॅगेत टाकू नकोस, चढतानाच काढून घेतात आणि उतरताना परत मिळवायला रांग लावावी लागते. भडंग न्यायचं तर दुकानातलं सीलबंद पाकीट ने, घरचा डबा आत सोडतीलच असं नाही. खर्चाचा कागद झाला की मला दाखव, मगच फोन कर.

तुझी,
मावशी