मैत्रिणीचे लेकरू माझ्या पोटी वाढवू का?

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहते. माझे वय ३३ आहे, पती शिक्षक आहेत आणि आमची एकुलती मुलगी दुसरीत शिकते. तिच्या वेळी माझे सिझेरियन झाले होते. नांदेडला डी.एड. करताना वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण मला आजही सख्ख्या बहिणीसारखी आहे. चार वर्षांपूर्वी तिच्या पहिल्या बाळंतपणात रक्तस्राव थांबेना, तेव्हा तिचा जीव वाचवण्यासाठी पिशवी काढावी लागली. बाळही हाती लागले नाही. गेल्या दिवाळीत ती घरी आली असता बोलता बोलता मीच म्हणून गेले की, तुझे लेकरू मी माझ्या पोटात वाढवते. तेव्हापासून ती त्या आशेवर आहे. तिचे सासरे माझ्या मुलीच्या नावे एक एकर जमीन करून देतो म्हणतात. माझ्या सासूबाईंचाही विरोध नाही. देवकीचा गर्भ रोहिणीने वाढवला तेव्हा कोणी नावे ठेवली का, असे त्या विचारतात. पती मात्र गप्प आहेत. एकदाच म्हणाले, "तुला काही झाले तर?" आता मला रात्र रात्र झोप लागत नाही. दिलेला शब्द फिरवावा का? आणि हे कायद्यात बसते का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देते. सरोगसी (नियमन) कायदा, २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्याच्या आधीच्या विधेयकात सरोगेट माता ही त्या जोडप्याची जवळची नातेवाईकच असावी, अशी अट होती. राज्यसभेच्या प्रवर समितीने ती वगळण्याची शिफारस केली आणि कायद्यात 'इच्छुक स्त्री' एवढेच शब्द राहिले. त्यामुळे मैत्रिणीसाठी हे करण्यास आडकाठी नाही. विवाह झालेला असणे, स्वतःचे मूल असणे आणि गर्भरोपणाच्या दिवशी वय २५ ते ३५ असणे, या अटींत तुम्ही बसता. गर्भाशय काढलेले असणे हे नियमांना मान्य असलेले कारण आहे, आणि तुमच्या पत्रावरून मैत्रिणीला हयात मूल नाही असे दिसते, म्हणजे तीही अट पूर्ण होते.

मैत्रिणीच्या जुन्या कागदपत्रांत मात्र एक गोष्ट पाहून घ्यावी लागेल. आपल्या मराठवाड्यात 'पिशवी काढली' एवढ्या दोन शब्दांत शस्त्रक्रियेची सगळी हकीकत संपते आणि नेमके काय काढले, हे कित्येकदा त्या बाईलाही कोणी सांगितलेले नसते. तिची अंडाशये शाबूत असतील, तर तिचेच स्त्रीबीज आणि तिच्या पतीचे शुक्राणू यांपासून प्रयोगशाळेत भ्रूण तयार करून तो तुमच्या गर्भाशयात सोडला जाईल, आणि तुमचा त्या बाळाशी आनुवंशिक संबंध राहणार नाही. अंडाशये नसतील, तर फेब्रुवारी २०२४ मधील दुरुस्तीनुसार जिल्हा वैद्यकीय मंडळाच्या प्रमाणपत्रावर दात्या स्त्रीचे बीज वापरता येते. परंतु ते तुमचे चालणार नाही, कारण सरोगेट मातेने स्वतःचे बीज देण्यास कायद्याने मनाई आहे.

आता जमिनीविषयी. सासऱ्यांची भावना कृतज्ञतेची असेल, तरीही हा विषय आजच थांबवा. वैद्यकीय खर्च, विमा आणि नियमांत सांगितलेला खर्च यांपलीकडे सरोगेट मातेला, किंवा तिच्यावर अवलंबून असलेल्या कोणालाही, रोख वा वस्तुरूपाने काही दिले, तर ती व्यावसायिक सरोगसी ठरते. तुमच्या मुलीच्या नावचा सातबारा त्यात सरळ येतो. असा व्यवहार करू पाहणाऱ्या जोडप्याला पहिल्याच गुन्ह्यासाठी ५ वर्षांपर्यंत कारावास आणि ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. (भाडे घेणे हाच गुन्हा ठरल्यावर 'भाड्याची कूस' हा शब्द तरी आता आपण सोडायला हवा.) सासऱ्यांना हे तुम्ही सांगू नका, ते काम मैत्रिणीच्या पतीचे आहे.

तुमच्या पत्रातील सर्वांत शहाणे वाक्य तुमच्या पतीचे आहे, आणि त्याला घरात कोणीच उत्तर दिलेले दिसत नाही. आधीचे सिझेरियन झालेल्या गर्भाशयात पुढच्या खेपेला वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी असण्याचा, जुन्या व्रणात ती घट्ट रुतून बसण्याचा किंवा तो व्रणच उसवण्याचा धोका असतो; शिवाय दुसऱ्या स्त्रीच्या बीजापासून राहिलेल्या गर्भात रक्तदाब वाढण्याचे प्रमाण अधिक आढळते. बहुतेक बाळंतपणे सुखरूप होतात हे खरे असले, तरी मैत्रिणीची पिशवी ज्या रक्तस्रावामुळे गेली, तोच तुमच्याही वाट्याला येऊ शकतो, आणि तिचे दुःख पाहून तुम्ही जे वचन दिले त्याची किंमत तेच दुःख असू शकते, हे दोघींनी एकमेकींसमोर बसून एकदा तरी उच्चारायला हवे. म्हणून तुम्हा पतिपत्नींना स्वतःचे दुसरे मूल हवे आहे का, याचा निर्णय या सगळ्याच्या आधी घ्या. हवे असेल, तर माझे मत स्पष्ट आहे : ते होईपर्यंत या वाटेला जाऊ नका, मग त्यात पस्तिशीची मुदत टळली तरी चालेल.

तपासणीसाठी त्या जोडप्याने निवडलेल्या केंद्रावर विसंबू नका. तुमच्या सिझेरियनचे कागद घेऊन लातूरला किंवा छत्रपती संभाजीनगरला अशा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, ज्यांचा या उपचाराशी काहीही संबंध नाही, आणि पतींना सोबत न्या. विमा कायद्यानेच सक्तीचा आहे. तो ३६ महिन्यांचा असावा लागतो आणि त्यात प्रसूतीनंतरच्या गुंतागुंतीही येतात. पॉलिसीचा कागद तुमच्या पतींनी स्वतः वाचावा.

शब्द फिरवण्याबद्दल तुम्ही फार अपराधी वाटून घेत आहात. गर्भरोपण होईपर्यंत संमती मागे घेण्याचा हक्क कायद्याने तुम्हाला दिला आहे, आणि त्यानंतरही कोणी तुमच्यावर गर्भपाताची सक्ती करू शकत नाही. सासूबाईंच्या कथेत संकर्षणाचा, म्हणजे बलरामाचा, गर्भ रोहिणीच्या उदरात ठेवला गेला खरा, पण ठेवण्यापूर्वी तिला कोणी विचारल्याचे मी तरी कोणत्या कीर्तनात ऐकले नाही. तुम्हाला विचारले जाणार आहे, आणि जिथे विचारले जाते तिथे 'नाही' हेही उत्तर असते. परक्या बाईला नकार देणे एक वेळ जमते. वसतिगृहातल्या मैत्रिणीला, तीही चार वर्षे रिकामी कूस घेऊन वावरणारी, तो देता येत नाही, म्हणूनच तुमची झोप उडाली असावी. तेव्हा तिला एकटीला भेटा आणि सांगा की, दिवाळीत मी मायेने बोलले, विचार आता करते आहे, आणि माझे उत्तर 'नाही' येऊ शकते. ते ऐकून ती कशी वागते, यावरून पुढचे नऊ महिने कसे जातील याचा अंदाज तुम्हाला कोणत्याही समुपदेशकापेक्षा चांगला येईल.

पुढे जायचेच ठरले, तर जिल्हा वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र, तुमच्या शारीरिक व मानसिक पात्रतेचा दाखला आणि बाळाच्या पालकत्वाविषयी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश, ही कामे गर्भरोपणापूर्वी करावी लागतील. तो आदेश मिळवण्यासाठी ते जोडपे आणि तुम्ही मिळून अर्ज करायचा असतो, आणि बाळ जन्मल्यावर तोच जन्माचा पुरावा ठरतो. गर्भरोपणाचे प्रयत्न तीनपेक्षा अधिक करता येत नाहीत. प्रत्येक प्रयत्नात संप्रेरकांच्या गोळ्या आणि बहुधा इंजेक्शने घ्यावी लागतात व प्रयत्न फसला की दोन घरांत सुतकासारखी शांतता पसरते, याची तयारी ठेवा. सरोगेट होणे आयुष्यात एकदाच शक्य आहे, त्यामुळे उद्या स्वतःच्या बहिणीला गरज पडली तर तुम्हाला पुन्हा पुढे येता येणार नाही.

गावाला काय सांगायचे, याची चिंता मी लेकीच्या मानाने दुय्यम समजते. दुसरीतल्या मुलीला आईचे पोट दिसते आणि तिला भाऊ हवा असतो. तिला पहिल्या दिवसापासून सांगा की हे मावशीचे बाळ आहे, मावशीच्या पोटातली पिशवी डॉक्टरांनी काढली म्हणून ते आईकडे वाढते आहे आणि जन्मले की मावशीच्या घरी जाईल. पाचवी मैत्रिणीच्या घरीच पुजायची, हेही आधीच ठरवून ठेवा. दूध मात्र तुम्हाला येणारच. ते औषधाने थांबवायचे की काही दिवस काढून बाळासाठी पाठवायचे, हे सातव्या महिन्यातच दोघींनी डॉक्टरांसमोर बसून ठरवावे.