नवं हायस्कूल उभं राहतंय? विचारा, बोलूया

मागच्या महिन्यात या सदरात एक ओळ टाकली होती, ज्यांच्या भागात नवं सरकारी हायस्कूल होणार आहे त्यांनी प्रश्न पाठवा म्हणून. एवढी पत्रं आली की सगळी घेणं शक्यच नाही, त्यामुळे जे प्रश्न परत परत आले तेच निवडलेत. मी स्वतः एका नव्या हायस्कूलची पहिली मुख्याध्यापिका होते, नकाशा टेबलावर होता तेव्हापासून ते पहिली बॅच पास होऊन बाहेर पडेपर्यंत. त्यामुळे खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं अनुभवलेलं आहे.

प्रश्न : ताई, आमच्याकडे 900 मुलांचं हायस्कूल मंजूर झालंय. हा आकडा काढतात कुठून? सध्याच्या शाळेत जागेच्या दीडपट मुलं बसतात, नव्या शाळेतही तेच होणार का? (एक पालक)

उत्तर : आसपासच्या ज्या शाळांमधून मुलं येणार तिथली आजची इयत्तावार पटसंख्या आधी घेतात. मग मागच्या चार-पाच वर्षांत एका इयत्तेतून पुढच्या इयत्तेत किती मुलं गेली ते बघतात. समजा आठवीत 100 होती आणि पुढच्या वर्षी नववीत 94 दिसली तर 0.94 धरायचं, असं एकेक पायरी चढत पुढच्या वर्षांचा अंदाज काढायचा, आणि अगदी लहान मुलांसाठी जन्मनोंदी बघायच्या. जिथे वस्ती वर्षानुवर्षं तीच आहे तिथे हे छान जमतं. पण जिथे नवीन बिल्डिंगा उठतायत तिथे हाच हिशोब सपशेल चुकतो, कारण जी घरं अजून बांधलीच नाहीत त्यातल्या मुलांबद्दल मागच्या वर्षांचे आकडे काय सांगणार?

म्हणून मीटिंगला जा आणि दोनच गोष्टी विचारा. पहिली, मंजूर झालेल्या पण अजून न बांधलेल्या घरांमधली मुलं या 900 मध्ये धरलीयेत का. दुसरी, उद्या मुलं वाढली तर वाढीव मजल्याचा भार पाया आणि कॉलम घेतील का. वर्गखोल्या नंतर वाढवता येतात हो, पण जिन्याची रुंदी, टॉयलेटची संख्या, पाण्याची टाकी आणि ग्राउंड हे पहिल्या दिवशी जेवढं मिळतं तेवढंच शेवटपर्यंत राहतं, आणि गर्दी झाली की शाळा तिथेच आधी कोंडते.

प्रश्न : आम्हा शिक्षकांना नकाशा दाखवायला बोलावलंय. आम्हाला त्यातलं काही कळत नाही, गप्प बसून सही करून यावं असंच सगळ्यांचं चाललंय. काय बघायचं ते सांगाल का? (एक शिक्षिका)

उत्तर : सही करू नका, निदान त्याच दिवशी तरी नका. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे, की नकाशा कागदावर आहे तोवर भिंत हलवायला एक खोडरबर पुरतं, आणि तीच भिंत उभी राहिली की कोणी तुमचं ऐकत नाही, ऐकलं तरी पैसे नसतात.

आम्ही काय केलं ते सांगते. नकाशावर वर्ग मोठा वाटत होता, आर्किटेक्टही म्हणत होते पुष्कळ जागा आहे. आमच्यातल्या एका सरांना काय सुचलं माहीत नाही, त्यांनी एका संध्याकाळी ग्राउंडवर फक्कीने तो वर्ग अगदी खऱ्या मापात आखला, दार, खिडक्या, फळा सगळं. आम्ही जुन्या शाळेतले बाक उचलून आणून त्यात मांडले आणि मुलांना बसवलं. दहा मिनिटांत कळलं की शेवटच्या बाकावरच्या मुलाला बाहेर यायचं तर चार जणांना उठावं लागतं, आणि दार आतल्या बाजूला उघडलं की पहिल्या बाकाला धडकतं. दुसऱ्या दिवशी आर्किटेक्ट स्वतः आले, त्या रेषांमध्ये उभे राहिले आणि तिथल्या तिथे बदल लिहून घेतले. नकाशा न कळणाऱ्या माणसाला खोली कळते, तुम्हीही हे करून बघाच.

दाराचं मी मुद्दाम बोलतेय. 1883 साली इंग्लंडमधल्या संडरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांचा कार्यक्रम संपल्यावर बक्षिसं वाटताना गॅलरीतली मुलं जिन्यावरून धावली. खालचं दार आतल्या बाजूला उघडणारं होतं आणि एकेकच मूल जाईल एवढंच उघडं ठेवून खीळ घातलेली होती. त्या चेंगराचेंगरीत 183 मुलं गेली. नुसतं ढकललं की उघडणारा आडवा दांडा आज मोठ्या हॉलच्या दारांना असतो ना, तो या घटनेनंतर निघाला, त्याचं पेटंट 1892 चं आहे. तेव्हा हॉलचं आणि जिन्याजवळचं प्रत्येक दार कुठल्या बाजूला उघडतं ते बोट ठेवून विचारा.

मग आवाज. रिकाम्या नव्या वर्गात टाळी वाजवली की घुमते ती, तो घुमणारा आवाज शिक्षकाचा घसा आणि मागच्या मुलांचं लक्ष दोन्ही खातो. अमेरिकेत वर्गांसाठी एक मानक आहे, त्यात साधारण आकाराच्या रिकाम्या वर्गात आवाज 0.6 सेकंदात विरला पाहिजे आणि मशीनचा, बाहेरचा वगैरे आवाज 35 डेसिबलच्या वर नको असं म्हटलंय. एवढं काटेकोर जमलं नाही तरी छताला आवाज शोषणारं काही लावणार आहात का, एवढं विचारता येतंच. आणि कोणी म्हणालं की भिंती नकोतच, सगळं मोकळं ठेवूया, तर सांगा की 1960 आणि 70 च्या दशकात अमेरिकेत, ब्रिटनमध्ये अशा शाळा भरपूर बांधल्या गेल्या आणि नंतर बऱ्याच ठिकाणी पार्टिशन घालावी लागली, कारण शेजारच्या वर्गातला इतिहास ऐकत गणित कसं करणार.

टॉयलेट शेवटी लिहितेय पण बघा मात्र आधी. मुलींच्या टॉयलेटला आतून कडी, दप्तर अडकवायला हूक, झाकणाचा डबा, आणि दार थेट वऱ्हांड्यात उघडणार नाही अशी आडोशाची भिंत. आमच्या नकाशात यातलं काहीच नव्हतं, आणि ते काढणाऱ्या पाचही जणांना ते खटकलं नव्हतं. नववीतल्या तीन मुलींना बोलावून विचारलं तेव्हा पाच मिनिटांत यादी झाली.

प्रश्न : शाळेसाठी टेकडीखालची जागा ठरतेय. स्वस्त आहे, सपाट आहे. मला का कोण जाणे धाकधूक वाटतेय. (एक वाचक)

उत्तर : धाकधूक वाटतेय तर बोला, मनात ठेवू नका. जागा बघताना आपण पायाखालचं बघतो, मातीची तपासणी करतो, बोअर घेतो, आणि वर काय आहे ते बघतच नाही. वेल्समधल्या अ‍ॅबरफानला 21 ऑक्टोबर 1966 च्या सकाळी डोंगरावरचा कोळसा खाणीचा टाकाऊ ढीग पावसाने भिजून खाली आला आणि शाळेवर आदळला, 116 मुलं आणि 28 मोठी माणसं गेली. तो ढीग झऱ्यांवर रचला होता आणि गावातल्या लोकांनी त्याबद्दल आधी तक्रारीही केल्या होत्या. तुमच्या टेकडीवर काय आहे, पाणी कुठून उतरतं, पुढे तिथे कोणी भराव टाकणार आहे का, हे लेखी मागा. जागा स्वस्त का आहे हेही विचारा.

प्रश्न : मी बांधकाम समितीवर पालक प्रतिनिधी आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो तुम्हाला यातलं काय कळतं, इंजिनियर आहेत ना. कामावर नजर ठेवायची म्हणजे नेमकं करायचं काय?

उत्तर : इंजिनियर कोणाचा आहे, हा पहिला प्रश्न. कॉन्ट्रॅक्टरच्या पगारावरचा माणूस कॉन्ट्रॅक्टरचं काम तपासत असेल तर त्याला तपासणी म्हणत नाहीत. 10 मार्च 1933 ला कॅलिफोर्नियात लाँग बीचला भूकंप झाला, संध्याकाळी सहाच्या थोडं आधी, म्हणजे शाळा सुटून गेल्या होत्या म्हणून मुलं वाचली. 230 च्या वर शाळांच्या इमारती पडल्या, मोडल्या किंवा वापरायला धोकादायक ठरल्या. महिन्याभरात तिथे फील्ड अ‍ॅक्ट नावाचा कायदा झाला, त्यात सरकारी शाळेचा नकाशा सरकारी तज्ज्ञांनी तपासायचा आणि बांधकाम चालू असताना स्वतंत्र इन्स्पेक्टरने लक्ष ठेवायचं असं ठरलं. मला त्यातलं हे ‘चालू असताना’ फार मोलाचं वाटतं, कारण एकदा काँक्रीट ओतलं की आत सळ्या किती आणि कशा आहेत ते कोणाला दिसतंय.

तुम्हाला इंजिनियर व्हायची गरज नाही. स्लॅब भरायच्या आधी सळ्यांची तपासणी झाली का आणि कागदावर सही कोणाची आहे ते बघा. काँक्रीटचे क्यूब काढून 7 आणि 28 दिवसांनी दाबून तपासतात, त्याचे रिपोर्ट फाइलला लागलेत का ते बघा. स्लॅबवर पाणी मारतायत का, त्याला तर डोळे पुरेत, मी रोज सकाळी चालायला जाताना वाट वाकडी करून साइटवरून जायचे आणि स्लॅब कोरडा दिसला की तिथूनच फोन करायचे. पहिले चार दिवस त्यांना राग आला, पाचव्या दिवसापासून माझ्या आधी पाणी पडलेलं असायचं. आणि फोटो काढा, भिंतीत पाइप, वायरी जातायत तेव्हा प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो, खोलीचा नंबर दिसेल असा. पाच वर्षांनी गळती लागली की त्या फोटोंची किंमत कळते.

प्रश्न : जूनमध्ये शाळा उघडणारच म्हणतायत. लॅब झालेली नाही, कंपाउंड अर्धं आहे, रंगाचा वास जात नाहीये. उघडू द्यावी की थांबवावी? (तीन पालक मिळून)

उत्तर : काही गोष्टी राहिल्या तरी शाळा चालते. लॅबचे ओटे, लायब्ररीची कपाटं, ग्राउंडचं सपाटीकरण राहिलं तर चिडचिड होते, पण मूल सुरक्षित असतं. पाणी, टॉयलेट, वीज, जिन्याचे कठडे, आगीच्या वेळची वाट आणि वापर परवाना यातलं एक जरी राहिलं असेल तर तारीख पुढे ढकला, पाहुणे ठरलेले असले तरी. कंपाउंड अर्धं आहे तर मुलं आणि चालू काम यांच्यामध्ये पक्का पत्रा हवा, दोरी बांधून भागत नाही. आणि रंगाच्या वासाला रात्रंदिवस हवा खेळती ठेवण्याशिवाय उपाय नाही, खिडक्या उघड्या ठेवून आठ-पंधरा दिवस जाऊ द्या.

उघडण्याआधी एक दिवस खोटी शाळा भरवा. आम्ही भरवली होती, दोनशे मुलं, घंटा, मधली सुट्टी, सगळं. मधल्या सुट्टीत सगळे नळ एकदम उघडले आणि दुसऱ्या मजल्यावर करंगळीएवढी धार येईना. प्लंबर रोज एकेक नळ उघडून ‘ओके’ म्हणत होता, त्याचंही चुकलं नव्हतं, पण मुलं एकेक करून तहानलेली होत नाहीत ना. त्याच दिवशी आगीची घंटा वाजवून बघितली तर मागच्या जिन्याखालचं दार कुलूपबंद निघालं आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

प्रश्न : आमची मुलगी पुढच्या वर्षी दहावीत जाईल. नव्या हद्दीप्रमाणे तिला नव्या शाळेत जावं लागणार, मैत्रिणी जुन्या शाळेत राहणार. घरात रोज रडारड आहे. (आई)

उत्तर : तुम्ही तिला समजावत बसण्याआधी हे नियम करणाऱ्यांना समजावा, असं मी म्हणेन. नवी शाळा एकदम सगळ्या इयत्तांनी भरवायलाच हवी असं नाही, फक्त खालच्या वर्गाने सुरुवात करायची आणि दरवर्षी एक वर्ग वाढवायचा, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुलांना हलवावंच लागत नाही. शिक्षकही टप्प्याटप्प्याने भरता येतात. तुम्ही एकट्या अर्ज घेऊन गेलात तर तुमच्या मुलीपुरतं बोलणं होईल, शेवटच्या वर्षाच्या सगळ्या पालकांनी मिळून मागितलंत तर ऐकायला लागतं. आणि तरी नाहीच झालं, तर नव्या शाळेत जाणाऱ्यांपैकी निदान ओळखीच्या दोन मुली तिच्याच वर्गात येतील एवढं नव्या मुख्याध्यापकांकडे मागा. आम्ही प्रवेशाच्या फॉर्मवर ‘सोबत कोण हवं, दोन नावं लिहा’ अशी ओळ घातली होती, जवळजवळ सगळ्यांना निदान एक नाव देता आलं.

प्रश्न : मॅडम, मी आठवीत आहे. आम्ही नव्या शाळेची पहिली बॅच असणार. आमच्या वर कोणीच नसेल, मग आम्हाला सगळं कोण सांगणार?

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. खरंय, मोठी मुलं नसली की खूप गोष्टी अडतात, कुठल्या सरांकडे शंका घेऊन जायचं, स्पर्धेत नाव कसं द्यायचं, हे पुस्तकात नसतं, वरच्या वर्गातली मुलंच सांगतात. आमच्याकडे पहिल्या वर्षी कबड्डीची टीम करायची तर कॅप्टन कोण यावर आठवडाभर भांडण चाललं, कारण आधीचा कॅप्टनच नव्हता. शेवटी मुलांनी स्वतःच नियम लिहिले आणि वहीत चिकटवले.

तू एक कर. तुमच्या वर्गाने पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा आणि जे जे विचारत फिरावं लागलं ते उत्तरासकट त्यात लिहा. आमच्या मुलांच्या वहीत पहिल्याच पानावर आहे, ‘खालच्या मजल्यावरचा डावीकडून तिसरा नळ गार पाणी देतो, शिंदे सरांना गुरुवारी शंका विचारू नयेत, त्या दिवशी त्यांचे सलग सहा तास असतात.’ दुसऱ्या वर्षी नववीत आलेली मुलं घाबरत गेटमधून आत शिरली तेव्हा पहिल्या बॅचची चार मुलं ती वही घेऊन गेटवर उभी होती.