उंट, हत्ती आणि बिशप

प्रिय सोन्या,

तुझा निरोप ऐकला. बुद्धिबळाच्या क्लासमधले सर त्या तिरप्या चालणाऱ्या मोहऱ्याला बिशप म्हणतात, आजोबा ‘उंटच म्हण’ असं दटावतात आणि वर्गातली मैत्रीण सांगते की बिशप म्हणजे चर्चमधले मोठे फादर. ‘मग आपण मराठी लोक उंट का म्हणतो? नक्की चुकतंय कोण?’ असं विचारलंस. चुकत कोणीच नाही. गंमत अशी की तो मोहरा मुळात उंटही नाही आणि बिशपही नाही. तो हत्ती आहे!

आपल्या जुन्या चतुरंगात, म्हणजे बुद्धिबळाच्या मूळ खेळात, सैन्याची चार अंगं होती: हत्ती, घोडे, रथ, पायदळ. खेळ इराणात गेला तेव्हा हत्तीचा ‘पील’ झाला. अरबीत ‘प’ नाही, म्हणून तिथे ‘फील’. तोच ‘अल-फील’ स्पेनमध्ये पोचला आणि स्पॅनिश लोक आजही त्याला ‘अल्फिल’ म्हणतात. रशियन तर सरळ ‘स्लोन’, म्हणजे हत्तीच म्हणतात. अरबी मोहरे हुबेहूब कोरलेले नसत, हत्तीच्या सुळ्यांच्या जागी नुसती दोन टोकं. पुढे युरोपात त्या टोकांत कोणाला बिशपची दुभंगलेली उंच टोपी दिसली, तर फ्रेंचांना विदूषकाची, असं मानतात. फ्रेंच त्याला अजून ‘फू’ म्हणजे विदूषक म्हणतात. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर १८३१ साली बाराव्या शतकातले मोहरे सापडले. त्यांतले काही बिशप हातात आकडी काठी धरून बसलेत, चेहरे असे की जणू कोणी सकाळी लवकर उठवलंय. मी इथे म्युनिकमध्ये ज्यांच्याशी खेळतो ते त्याला ‘लॉयफर’ म्हणतात, म्हणजे धावणारा. मला विचारशील तर त्याच्या चालीला हेच नाव जास्त शोभतं. अर्थात ही लांब तिरपी धाव त्याला पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात मिळाली. जुना फील फक्त दोन घरं तिरपा उडायचा.

आपल्याकडे हत्ती गेला कोपऱ्यात, रथाच्या जागी, आणि त्याच्या रिकाम्या घरात उंट आला. तो काही उपरा नव्हे. मराठी फौजांत सांडणीस्वार निरोप घेऊन दौडायचे, आणि उंटाच्या पाठीवर शुतरनाळा नावाच्या छोट्या तोफा असायच्या. म्हणून इंदूरच्या रामबागेतले आजोबा उंट म्हणतात, आणि तुझी हिंदी बोलणारी दोस्तमंडळीसुद्धा ऊँटच म्हणतात ना?

आता तुझ्या मैत्रिणीचे बिशप. मूळ शब्द ग्रीक, ‘एपिस्कोपोस’. एपि म्हणजे वर, स्कोपोस म्हणजे पाहणारा. तेव्हा त्यात धर्माचा संबंधच नव्हता. अथेन्स आपल्या ताब्यातल्या शहरांवर देखरेख करायला जे अधिकारी पाठवायचं, त्यांना हे नाव होतं. ख्रिस्ती मंडळींनी ते उचललं. लोकांच्या जिभेवर झिजता झिजता पुढचा ‘ए’ गळला, ‘प’चा ‘ब’ झाला, आणि इंग्रजीत बिशप उरला. तुझी पणजी ‘स्टेशन’ला ‘ठेसन’ म्हणायची, तसंच. पोर्तुगीजांत तो ‘बिश्पु’ झाला, आणि गंमत म्हणजे त्यांचा बुद्धिबळातला मोहराही बिश्पुच.

मराठी बायबलमध्ये यासाठी ‘अध्यक्ष’ हा शब्द घेतलाय, आणि मला तो फार आवडतो. अधि म्हणजे वर, अक्ष म्हणजे डोळा. ग्रीक शब्दाची जणू जुळी बहीणच! आज अध्यक्ष म्हटलं की आपल्याला हार घालून भाषण करणारे आठवतात, पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेतीवर सीताध्यक्ष आहे, घोड्यांवर अश्वाध्यक्ष आहे, आणि हत्तींवर हस्त्यध्यक्ष. म्हणजे हत्तीचा बिशप!

वापराचं सांगायचं तर, एका चर्चचं काम पाहतात ते फादर, आणि अनेक चर्च मिळून जो धर्मप्रांत होतो त्याचे प्रमुख बिशप. आपल्या इंदूरचा कॅथलिक धर्मप्रांत १९५२चा, वसईचा १९९८चा. आर्चबिशप त्यांच्याहून वरचे. पोपसुद्धा मुळात रोमचे बिशपच. ज्या चर्चमध्ये बिशपची खुर्ची असते ते कॅथेड्रल, कारण ‘कथेड्रा’ म्हणजे खुर्ची. हातातली आकडी काठी मेंढपाळाची, कारण कळप सांभाळणं हे त्यांचं काम. (आणि उंटावरून शेळ्या हाकणारे म्हणजे कोण, ते आजोबांना विचार. बहुतेक इथून तुझा अभ्यास घेणाऱ्या बाबाचं नाव सांगतील.)

तर आजोबांसमोर बिनधास्त उंट म्हण, क्लासमध्ये बिशप. फक्त स्पर्धेत खेळी लिहिताना सरांनी शिकवलेलं ‘बी’ हेच अक्षर लिही. इथली मुलं लॉयफरचा ‘एल’ लिहितात आणि तेही चालतं, कारण प्रत्येक भाषेला आपलं अक्षर वापरायची मुभा आहे. उंटाचा ‘उं’ लिहिलास तरी नियमात बसेल, पण समोरच्याला वाचता यायला हवा!

तुझा,
बाबा