'कझिन' म्हणजे चुलतभाऊच का?

प्रश्न असा आला आहे : वसाहतकाळातल्या अमेरिकेतल्या फिलाडेल्फियातल्या एका क्वेकर (हा एक ख्रिस्ती पंथ) व्यापाऱ्याच्या घराण्याची वंशावळ मराठीत मांडायची आहे. हाताशी मृत्युपत्रं आणि जमिनीचे दस्त आहेत. त्यांतल्या 'कझिन', 'सन-इन-लॉ' आणि 'ब्रदर-इन-लॉ' या शब्दांना अनुक्रमे चुलतभाऊ, जावई आणि मेहुणा असं लिहिलं तर चालेल का?

सरसकट नाही चालणार. तिन्ही ठिकाणी अडचण वेगवेगळी आहे.

'कझिन' हा त्या काळी फार सैल शब्द होता. पुतण्या, भाचा, भाची, लांबचा कुणी आप्त, सगळेच त्यात बसत. इंग्रजीला तो सैलपणा परवडतो, मराठीला नाही. 'चुलतभाऊ' लिहिलंत की दोघांचे वडील भाऊ-भाऊ होते असं विधान तुम्ही करून बसता, आणि मूळ कागदात ते कुठेच नसतं. म्हणून दुसरा पुरावा मिळेपर्यंत 'नातलग' किंवा 'आप्त' लिहावं. 'भाऊबंद' मात्र नको, त्यात एकाच कुळाचा वास येतो.

'सन-इन-लॉ'मध्ये फसगत जास्त होते. आज त्याचा अर्थ जावई, पण तेव्हा बायकोच्या आधीच्या लग्नाच्या मुलालाही, म्हणजे सावत्र मुलालाही, हाच शब्द लावत. 'फादर-इन-लॉ' तसाच सावत्र बापासाठी. विधवेचं पुन्हा लग्न होणं तिथे नेहमीचं असल्यामुळे हा प्रसंग वारंवार येतो. ओळखायचं कसं? तो मुलगा अल्पवयीन असेल, किंवा त्याचं आडनाव बायकोच्या पहिल्या नवऱ्याचं असेल, तर तो जावई नव्हे.

'ब्रदर-इन-लॉ'ची गोष्ट उलटी. इथे इंग्रजी मोघम आणि मराठी श्रीमंत. पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन याचा सचिव जेम्स लोगन आणि व्यापारी थोरला इस्रायल पेम्बर्टन यांना इंग्रजीत 'ब्रदर-इन-लॉ' म्हणून भागतं. पण दोघांनी चार्ल्स रीड याच्या मुली केल्या होत्या, लोगनने सारा आणि पेम्बर्टनने रेचल. आपल्याकडे याला एकच शब्द : साडू. आयझॅक नॉरिस (१६७१–१७३५), रिचर्ड हिल आणि सॅम्युएल प्रेस्टन हे तिघेही थॉमस लॉइडचे जावई, म्हणजे एकमेकांचे साडू. पुढे धाकट्या आयझॅक नॉरिसने १७३९ मध्ये लोगनच्या मुलीशी, साराशी, लग्न केलं. त्यामुळे थोरला नॉरिस आणि लोगन हे व्याही, ज्याला इंग्रजीत शब्दच नाही. अर्थात थोरला नॉरिस १७३५ मध्येच वारला होता, तेव्हा हे व्याहीपण कागदावरचंच. (हाच धाकटा नॉरिस पुढे असेंब्लीचा, म्हणजे वसाहतीच्या विधिमंडळाचा, सभापती झाला आणि 'लिबर्टी बेल' म्हणून प्रसिद्ध असलेली घंटा त्यानेच मागवली.)

पण 'साडू' लिहायचं तर दोन्ही बायकांचा बाप एक, हे कळायला हवं. ते मृत्युपत्रातून कळेलच असं नाही. माझ्या मते नात्यांसाठी मृत्युपत्रापेक्षा दस्त भरवशाचे. मृत्युपत्र लिहिताना मुली लहान असतील तर जावयांची नावं कुठून येणार? वडील गेल्यावर वीस वर्षांनी जमीन विकायला निघाली, की सगळे वारस, मुलींचे नवरेसुद्धा, 'लिहून देणार' म्हणून एका कागदावर येतात. दस्ताच्या सुरुवातीला मिळकत कुणाकडून कुणाकडे आली याची हकीकत असते, ती आधी वाचावी. एकाच बाईची बदलती नावंही तिथेच जुळतात. लॉइडची मुलगी हॅना आधी जॉन डेलावलची बायको, मग त्याची विधवा आणि १७०० पासून रिचर्ड हिलची बायको. नुसती नावं पाहणाऱ्याला या तीन बायका वाटतील. चतुःसीमाही सोडू नका. शेजारचा मालक पुष्कळदा सासरा किंवा भाऊ निघतो.

मृत्युपत्र न करता कुणी वारला असेल तर हिस्से मोजा. पेनसिल्व्हेनियाच्या तेव्हाच्या कायद्यात थोरल्या मुलाला दुप्पट वाटा होता. म्हणजे मुलं सहा असतील तर मिळकतीचे सात भाग, त्यांतले दोन थोरल्याचे. एखादा धाकटा आपला 'एकसप्तमांश' विकताना दिसला, तर भावंडं सहा असावीत असा अंदाज बांधता येतो, मग बाकीच्यांची नावं सापडोत न सापडोत. आधीच वारलेल्या भावंडाचा वाटा त्याच्या मुलांत फुटतो, तेवढं ध्यानात ठेवावं.

प्रश्नात विचारलेला नाही, पण 'रिलीज' हा शब्द घोटाळा करणार हे नक्की. तेव्हा एकच विक्री पुष्कळदा दोन कागदांवर होई : आदल्या दिवशी पाच शिलिंगांसारख्या नाममात्र रकमेवर वर्षाचा पट्टा आणि दुसऱ्या दिवशी खऱ्या किमतीचा 'रिलीज'. कोशात पाहून कुणी याला 'हक्कसोडपत्र' लिहील. आपल्याकडे हक्कसोडपत्र म्हटलं की बहिणीने भावाला लिहून दिलेलं, असंच डोळ्यांपुढे येतं. मराठी वाचक तिथे नसलेलं नातं जोडणार. दोन्ही कागद मिळून सरळ 'खरेदीखत' म्हणावं.

तारखांबद्दल थोडक्यात. महिन्यांची नावं मूर्तिपूजकांच्या देवांवरून आली म्हणून क्वेकर ती टाळत आणि नुसते आकडे लिहीत. १७५२ पूर्वी त्यांचा 'पहिला महिना' म्हणजे मार्च आणि 'बारावा' म्हणजे फेब्रुवारी. कायदेशीर वर्षही २५ मार्चला बदलायचं. चैत्रात शक बदलतो हे माहीत असलेल्याला ते अवघड जाऊ नये. तारीख मराठीत आणताना 'पहिला महिना'च ठेवावं आणि पुढे 'म्हणजे मार्च' असं जोडावं. 'जानेवारी' लिहिलंत तर एखादं मूल आईबापांच्या लग्नाआधीच जन्माला घालाल.

आता 'माय नाउ वाइफ'. त्याचं 'माझी सध्याची पत्नी' करू नका. त्यातून आधीची एक होती असा वास येतो, आणि वंशावळीत एक काल्पनिक पहिली बायको घुसते. लिहिणाऱ्याचा हेतू एवढाच, की पुढे आपण पुन्हा लग्न केलं तर ही देणगी त्या दुसरीला लागू होऊ नये. 'हे लिहितेवेळी असलेली माझी पत्नी' हे जरा लांबतं, पण अर्थ तोच राहतो.