गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात डिझेल बोट उतरवण्याआधी

भाऊ, इंजिन नवं घेतलंस ते बरं केलं, पण टाकी जस्ती पत्र्याची नको. डिझेलचं न् जस्ताचं जमत नाही, सगळा गाळ फिल्टरात येतो. टाकी आणि फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाच्या) मधे पाणी वेगळं करणारा फिल्टर हवाच, तोही हात पोचेल असा. ओढणाऱ्या नळीचं तोंड तळापासून बोटभर वर ठेव.

इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडलं तर पंपाला शिव्या देऊ नको. आधी ओढणाऱ्या बाजूचे क्लिप, वॉशर बघ. तिथं डिझेल गळायच्या ऐवजी हवा आत शिरते, म्हणून बाहेरून सगळं कोरडं ठाक दिसतं. मग आत शिरलेली हवा काढायला फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला कर, डिझेलचा हातपंप मार; फेस संपून सलग धार आली की धार चालू असतानाच स्क्रू आवळ. रिटर्नची नळी, म्हणजे इंजिनातून उरलेलं डिझेल परत आणणारी, थेट टाकीत सोड.